सामान ठेवण्याची जागा

पैसे कुठे घालवावेत हा प्रश्न आपल्याला पडायच्या आधी तो शेजाऱ्यांना पडलेला असतो. फुमिएबाई हामासाकी मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, निवृत्तीची रक्कम पोस्टातल्या खात्यावर आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या योशिनोकाकू लोणच्याची वाटी घेऊन दारात हजर झाल्या.

"पियानो घ्या," योशिनोकाकू म्हणाल्या.

"मला वाजवता येत नाही."

"आम्हाला तरी कुठे येतो? पण बैठकीच्या खोलीला कसं वजन येतं!"

बंदरापासून डोंगरावर चढत गेलेल्या त्या पाखाडीला एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून त्रेचाळीस घरं. त्यांपैकी अकरा घरांत पियानो होते. एकच नियमित वाजे, आणि तो मांजर त्यावरून चालत गेलं की. बाकी दहांवर बाहुल्या, फुलदाण्या आणि नातवंडांचे फोटो मांडलेले असत. फुमिएबाईंच्या घरी पियानो सोडून सगळं होतं. दोन दारांचा फ्रिज होता, रंगीत टीव्ही होता, आणि गेल्या सात वर्षांपासून गॅसवर पाणी तापवणारं, निळ्या फरशांचं, स्वतःचं न्हाणीघर होतं.

या न्हाणीघरातच सगळ्याला सुरुवात झाली. जानेवारीतली संध्याकाळ होती. बाईंनी थर्मामीटर घालून पाणी बरोबर बेचाळीस अंश असल्याची खात्री केली, गळ्यापर्यंत बुडाल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "आज फार गारठा आहे, नाही?"

कुणीच "हो ना" म्हणालं नाही.

बाई म्हणजे शास्त्राचं माणूस. कुणी का म्हणालं नाही याचं कारण त्यांना अर्थातच ठाऊक होतं. तरी त्या थोडा वेळ वाट बघत राहिल्या.

दहा वर्षांपूर्वी हेच वाक्य एकदा म्हटलं की वीसजणी "हो ना" म्हणायच्या. संध्याकाळी पाच वाजले की पाखाडीवर लाकडी खडावांचा खडखडाट सुरू व्हायचा. बगलेत घमेलं, घमेल्यात साबण आणि पंचा, अशा सगळ्याजणी खाली बंदराजवळच्या चिदोरी न्हाणीघराकडे निघायच्या. आत इतकी वाफ असायची की कोण बोलतंय ते दिसायचं नाही. त्यामुळे जे तोंडावर बोलता येत नाही ते सगळं तिथे बोललं जायचं. एकमेकींच्या पाठी घासता घासता लग्नं जमायची, भांडणं मिटायची, आणि दुसरी भांडणं लागायची. मोठ्या कुंडाच्या कोपऱ्यात, पाणी सगळ्यांत कढत असायचं तिथे, तोकीआजी बसायची. ती पाखाडीवरची सुईण. "लोक चेहऱ्यावरून माणूस ओळखतात," ती म्हणायची, "मला पाठ दाखवा, मी आईचं नाव सांगते."

मग एका घरात गॅसचं न्हाणीघर आलं. त्या घराचं आठवडाभर कौतुक झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या घरात आलं. दहा वर्षांत त्रेचाळीसही घरांत आलं. सर्वांत देखणं होतं तोकीआजीकडे. ओसाकातल्या मुलानं पाठवलेलं, गुलाबी रंगाचं. आजी त्यात मुळे खारवत असे.

"आजी, अहो, ते अंघोळीसाठी आहे," फुमिएबाईंनी एकदा सांगून पाहिलं.

"कढत पाण्यात एकटीनंच पडून राहायचं? मी काय मुळा आहे?" आजी म्हणाली. "जो मुळा आहे त्याला ठेवलाय."

आजी मात्र रोज खाली चिदोरीत जायची, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत. गेल्या पावसाळ्यानंतर गुडघ्यांनी साथ सोडली. उतरताना निम्म्या वाटेवर, ब्याण्णव पायऱ्यांनंतर, एक सपाट टप्पा आहे. तिथवर ती कशीबशी येई आणि उभी राही. बसायला काही नव्हतं. पायरीवर बसणं तिला मान्य नव्हतं. फुमिएबाईंनी घडीचं स्टूल देऊ केलं, तर आजी म्हणाली, "स्टूल घेऊन फिरायला मी काय गळ टाकायला निघालेय?" पाठीवर घेऊन जाते म्हटलं, तर भडकलीच. "या पाखाडीवरच्या निम्म्या लोकांना मी पायांना धरून, उलटं करून फटके मारलेत. आता त्यांनी मला उचलायचं? मी मेल्यावर उचला."

तेव्हा आजी महिनोन्‌महिने घरात, न्हाणीघर रिकामं, आणि चिदोरीच्या दारावर मालकीण सुगिमोरीबाईंनी चिकटवलेला कागद: 'मार्चअखेर बंद.' फुमिएबाईंच्या डोक्यात बेचाळीस अंशाच्या त्या शांत पाण्यात हिशेब अगदी सोपा जुळला. टप्प्यावर एक बाक हवा. बाक असला तर आजी उतरेल, आणि न्हाणीघर बंद व्हायच्या आत निदान एकदा तरी त्या कोपऱ्यात जाऊन बसेल. एक बाक. लाकडाचा. त्याला किती वेळ लागणार?

बंदरातल्या होड्यांच्या सुताराकडून बाईंनी सायप्रसच्या लाकडाचा सहा फुटी बाक करून घेतला. तो आठ दिवसांत तयार झाला. या सगळ्या प्रकरणात वेळेवर झालेली ही एकमेव गोष्ट. मंडळाची परवानगी येईपर्यंत सुतारानं तो बाईंच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवला.

आळीच्या मंडळाचे अध्यक्ष काजितानी. जहाजबांधणीच्या कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खिशातली मोजपट्टी गेली नव्हती.

"स्तुत्य," काजितानी म्हणाले. "अत्यंत स्तुत्य. फक्त त्रेचाळीस घरांचे संमतीचे शिक्के लागतील. फिरती सूचना काढतो."

"माझं नाव नको हं," बाई म्हणाल्या.

"छे छे! गुप्त म्हणजे गुप्त."

पुठ्ठ्याला लावलेली सूचना घरोघर फिरली. तिच्यात लिहिलं होतं: 'आळीतील एक व्यक्ती (नाव गुप्त, महिला, वय ५८, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, घर क्रमांक सतरा) सर्वांसाठी बाक देऊ इच्छिते. ती कोण, याची चौकशी कृपया करू नये.'

चौकशी कुणीच केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता योशिनोकाकू आल्या ते पंचांचा खोका घेऊन, कागदात बांधलेला, वर लाल-पांढरी दोरी.

"हे काय?"

"परतभेट."

ही परतभेट म्हणजे त्या मुलखातलं असं यंत्र आहे, जे एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण सापडत नाही. कुणी काही दिलं तर त्याच्या निम्म्या मोलाचं काहीतरी परत करायचं. पूर्ण मोलाचं केलं तर भेट परत फेकल्यासारखं दिसतं, आणि काहीच केलं नाही तर रात्री झोप लागत नाही.

"अहो, पण बाक अजून बसवलाही नाही!"

"म्हणून तर आत्ता," योशिनोकाकू म्हणाल्या. "आधी बसायचं आणि मग द्यायचं म्हणजे उशीर केल्यासारखं दिसतं. आणि बाई," इथे त्यांनी आवाज उतरवला, "तब्येत बरी आहे ना? नाही, म्हणजे धडधाकट माणूस उगाच बाक देत नाही."

दुपारपर्यंत पाखाडीवर दोन मतं तयार झाली. वरच्या घरांचं म्हणणं, बाईंना काहीतरी असाध्य झालंय. खालच्या घरांचं म्हणणं, बाई नगरपालिकेची निवडणूक लढवणार आहेत. पहिल्या मताच्या लोकांनी अंडी आणि गाजरं आणली, दुसऱ्या मताच्यांनी साबणाचे खोके. एका घरानं, बहुधा दोन्ही मतं पटल्यामुळे, दोन्ही आणलं. तेहतीस वर्षं एक दिवसही आजारपणाची रजा न घेतलेल्या बाईंच्या मनाला हे फार लागलं. निवडणुकीच्या अफवेपेक्षा गाजरांनी जास्त.

फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत एक्केचाळीस घरांच्या परतभेटी आल्या. तोकीआजीकडून काहीच आलं नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, आणि ते आपल्या लक्षात आलं याची त्यांना लाज वाटली. खोके ठेवायला जमिनीवर जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी ते बाकावर रचले. दोन पंचे, तीन साबण, एक शेवाळाच्या पापडांचा डबा, मग पुन्हा पंचे. पैसे कमी करायला निघालेल्या बाईंच्या घरात इतकी मालमत्ता पूर्वी कधीच नव्हती.

त्यात वरच्या एका घरानं खरबूज दिलं.

"खरबूज!" योशिनोकाकू बघतच राहिल्या. "ऐन हिवाळ्यात! हे निम्म्याच्या फार वर गेलं. जास्तीचं तुम्हाला परत करावं लागणार."

"खरबुजाचं जास्तीचं कसं परत करतात? फोडी करून?"

"पंचे द्या."

"ते त्यांनीच दिलेत."

"मग साबण. पण त्यांचा कागद बदला."

खोके एका दारानं बाहेर जाऊन दुसऱ्या दारानं आत येऊ लागले, तेव्हा बाईंनी एक शहाणपणाचा उपाय काढला. साबण आणि पंचे एका हातगाडीवर घालून त्यांनी सरळ चिदोरीत नेऊन दिले. न्हाणीघरात साबण आणि पंचा लागतोच. शिवाय सुगिमोरीबाई पाखाडीवर राहत नव्हत्या, तेव्हा हिशेबाच्या बाहेरच्या.

बाहेरच्या असल्या म्हणून काय झालं, त्याच मुलखातल्या. दुसऱ्या दिवशी सुगिमोरीबाई धापा टाकत वर आल्या, कमरेत वाकल्या आणि त्यांनी लाल-पांढऱ्या दोरीत बांधलेला एक गठ्ठा पुढे केला. न्हाणीघराची तिकिटं. दोनशे.

"आमच्याकडे दुसरं काय आहे द्यायला," त्या म्हणाल्या.

बाईंना खरं तर आनंदच झाला. खरबुजाचं जास्तीचं, अंड्यांचं जास्तीचं, गाजरांचं जे काही असेल ते, सगळं त्यांनी तिकिटांनी फेडून टाकलं. आणि पाखाडीवरच्या बायकांना घरात गुलाबी, निळं, पिस्त्याच्या रंगाचं न्हाणीघर असलं, तरी फुकट मिळालेलं तिकीट वाया घालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

त्या आठवड्यात पाच वाजता पाखाडीवर पुन्हा खडावा वाजल्या. फुमिएबाई खिडकीत उभ्या राहून ऐकत होत्या. आधी दोन जोड्या, मग चार, मग मोजता येईनात. माळ्यावरची घमेली निघाली होती, एकीच्या घमेल्याला तर कोळिष्टक तसंच होतं. मग त्याही घमेलं घेऊन उतरल्या. चिदोरीत वाफ झाली, त्या वाफेतून कुणीतरी "आज फार गारठा आहे" म्हणालं आणि अठरा जणी "हो ना" म्हणाल्या. बाईंनी मोजल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर आजीला सांगायला गेल्या. आजी खिडकीशी बसून मुळा कापत होती.

"ऐकलं मी," आजी म्हणाली. "खडावा ऐकल्या. योशिनोची डावी खडाव अजून घासत चालते." मग म्हणाली, "माझ्या कोपऱ्यात कोण बसलं?"

"कुणी नाही बसलं."

"बसायला हवं होतं. तिथलं पाणी चांगलं असतं." आणि तिनं मुळ्याची चकती इतकी पातळ कापली की तिच्यातून खिडकी दिसली.

बाई त्याच दुपारी नगरपालिकेत गेल्या. शिक्के पूर्ण होते, उरलं होतं फक्त नगरपालिकेचं. तिथले ओनिझुका नावाचे कारकून इतके नम्र होते की त्यांच्याशी भांडता येत नसे.

"बाई, बसलं की तो बाक होतो," ओनिझुका अत्यंत दुःखानं म्हणाले. "बाक उद्यानखात्याकडे. तेव्हा टप्प्याला आधी उद्यान ठरवावं लागेल. उद्यान म्हटलं की निदान एक झाड आणि एक शौचालय."

"टप्पा बारा फूट बाय नऊ फूट आहे."

"तेच ना. शौचालय बसवलं की बाकाला जागा उरणार नाही."

"रस्तेखात्याकडून करा मग. पायऱ्या म्हणजे रस्ताच."

"रस्त्यात बसणं म्हणजे वाहतुकीला अडथळा."

"पायऱ्यांवर कुठली वाहतूक?"

"म्हणून तर, अडथळा झाला तर फारच लक्षात येईल." ओनिझुकांनी चहा मागवला. "आपण असं करू. मी स्वतः येऊन वस्तूची पाहणी करतो. जे दिसेल ते लिहितो. खोटं मात्र मला लिहिता येत नाही."

पाहणीची तारीख मिळाली मार्चची आठ. पण त्याआधीच सुगिमोरीबाई पुन्हा वर आल्या, या वेळी हात रिकामे.

"बाई, कसं सांगू. तुमच्या कृपेनं रोज वीस-वीस बायका येतात. पाणी दुप्पट, लाकूड दुप्पट. आणि सगळ्यांच्या हातात आमचंच तिकीट." त्या कमरेत वाकल्या. "लाकूड मार्चअखेरपर्यंत पुरणार नाही. वीस तारखेला बंद करते. माफ करा हं. गर्दी पाहून मात्र फार बरं वाटलं."

आपल्या पैशानं न्हाणीघर भरलं, आणि आपल्याच पैशानं ते अकरा दिवस आधी बंद पडणार. प्रयोगशाळेत एखाद्या मुलीनं असं काही केलं असतं तर त्यांनी तिला वहीत लिहायला लावलं असतं: 'अपेक्षित परिणाम, प्रत्यक्ष परिणाम, चूक कुठे झाली.' चूक कुठे झाली ते त्यांना सापडेना. प्रत्येक जण फक्त शिष्टाचारानं वागला होता.

आठ तारखेला ओनिझुका आले. बूट काढून आत आले, बैठकीच्या खोलीत उभे राहिले आणि बघत राहिले. बाकावर अजून सव्वीस खोके रचलेले होते. पाहुण्यांसाठी शेजारी जमिनीवर आसन.

"यावर कुणी बसतं?" ओनिझुकांनी विचारलं.

"आजवर कुणीच नाही," बाई खरं तेच बोलल्या.

"सामान ठेवलेलं दिसतंय."

"हो."

ओनिझुकांचा चेहरा हळूहळू उजळला. "बाई, हा बाक नाहीच! ही सामान ठेवण्याची जागा आहे. सामान ठेवायच्या फळीला कुठलंच खातं लागत नाही!" आणि त्यांनी तिथेच पुठ्ठ्यावर कागद धरून जे दिसलं ते लिहिलं.

अठरा तारखेला सकाळी काजितानींच्या देखरेखीखाली बाक टप्प्यावर बसवला गेला. पातळी दोन वेळा तपासली गेली. सगळी आळी जमली. मग काजितानींनी पिशवीतून नगरपालिकेची पाटी काढली आणि बाकामागच्या भिंतीला चार स्क्रूंनी लावली.

'सामान ठेवण्याची जागा. वजन साठ किलोपर्यंत. मालकाने सामानाजवळ थांबावे. बसू नये.'

बाईंनी पाटी दोनदा वाचली. ठीक आहे, त्यांना वाटलं, पाटी काय, नावाला. ओनिझुकांना बिचाऱ्यांना लिहावंच लागलं असणार. लोक बसतीलच.

त्यांनी त्रेचाळीस वर्गांना शिकवलं होतं, पण त्रेचाळीस घरांची परीक्षा कधी घेतली नव्हती. दोन दिवस टप्प्यावर येणारा प्रत्येक माणूस थांबला. त्यानं भाजीची पिशवी, सोया सॉसची बाटली, छत्री, जे हातात असेल ते बाकावर नीट, कडेला समांतर ठेवलं, आणि स्वतः शेजारी उभा राहून दम खाल्ला. पाठदुखीचे निवृत्त बँक मॅनेजरही उभे. सात महिन्यांची गर्भार सूनही उभी. तिच्या पर्सला मात्र छान आराम मिळाला.

"किती सोयीचं झालं, बाई!" योशिनोकाकू बाकाशेजारी उभ्या उभ्या पोटऱ्या चोळत म्हणाल्या. "पिशवी हातात धरावी लागत नाही."

"बसा की, काकू."

"अहो, पाटी आहे ना!"

बाई स्वतः बसून दाखवणार होत्या. उदाहरण घालून द्यावं म्हणून त्या बाकापर्यंत गेल्या, अर्ध्या वाकल्या, आणि वाकलेल्या अवस्थेत त्यांची नजर पाटीवर गेली. तशाच त्या सरळ झाल्या. बसणं त्यांनाही जमलं नाही.

वीस तारीख उजाडली. चिदोरीचा शेवटचा दिवस. दुपारी तीन वाजता फुमिएबाई वर गेल्या तर तोकीआजी दारातच उभी, केस विंचरलेले, बगलेत घमेलं.

"चल," ती म्हणाली. "मला धरायचं नाही. नुसतं शेजारून चाल."

ब्याण्णव पायऱ्यांना पस्तीस मिनिटं लागली. मागून खडावा येत आणि आजीला ओलांडून न जाता मागेच थबकत. ती टप्प्यावर पोचली तेव्हा मागे सगळी पाखाडी उभी होती आणि पुढे, मोजपट्टी खिशात घेऊन, काजितानी. आजीचे गुडघे दिसण्याइतके लटपटत होते. तिनं घमेलं बाकावर ठेवलं आणि बाकाकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. तीही त्याच मुलखातली.

"बसा, आजी," फुमिएबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा निघाला नाही. "त्या पाटीची जबाबदारी माझी. तुमच्यासाठीच केलाय हा."

"मग पाटी का लावलीस?"

याचं उत्तर फार लांब होतं. काजितानी चुळबुळले. "आजी, नियम आहे हो. मी तरी काय करू? आज अपवाद केला तर..."

"अपवाद कोण मागतंय?" आजी म्हणाली. तिनं पाटी पुन्हा एकदा, बोटानं, अक्षर अक्षर वाचली. मग मान वर केली. "फुमिए, मला उचल."

"काय?"

"उचल आणि ठेव. साठ किलोपर्यंत चालतं म्हणे. मी अडतीस आहे."

फुमिएबाईंनी आजीच्या काखेखाली हात घातले. ती त्यांच्या अंदाजाहूनही हलकी होती. त्यांनी तिला उचललं आणि बाकावर, कडेला समांतर, ठेवलं. आजीनं पाय हलवून पाहिले आणि मोठा श्वास सोडला.

काजितानींनी पाटी वाचली. कपाळावरचा घाम पुसला. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

"मालकानं सामानाजवळ थांबावं," ते खोल आवाजात म्हणाले. "तेव्हा... हे सामान कुणाचं?"

आजीनं त्यांच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. काजितानी पायाळू जन्मले होते, मोठ्या वादळाच्या वर्षी, आणि त्यांना बाहेर काढायला तिला पहाट झाली होती. ही गोष्ट पाखाडीवर सगळ्यांना ठाऊक होती.

काजितानींनी मोजपट्टी खिशातून काढली, परत ठेवली.

"माझं," ते म्हणाले.

"आमचंही," योशिनोकाकू म्हणाल्या. "घरातल्या तिघींचंही."

"माझं."

"माझं, आणि माझ्या नवऱ्याचं. तो बोटीवर आहे."

"एवढे मालक!" आजी ओरडली. "गप्प बसा मेल्यांनो. पाणी गार होईल. दहा मिनिटांनी उचला."

त्या दिवशी चिदोरीत, बायकांच्या बाजूला आणि पुरुषांच्याही, पाणी काठावरून वाहत होतं. सुगिमोरीबाईंनी गल्ल्यावर बसून तिकिटं घेतलीच नाहीत. लाकूड उरवून काय करायचं म्हणून त्यांनी सगळंच भट्टीत घातलं होतं. कढत कोपऱ्यात आजी बसली होती आणि एकेक बाई तिच्यापुढे जाऊन पाठ करून उभी राहत होती. आजी आईचं नाव सांगत होती. एकही चुकलं नाही. तीन नावं तर अशी होती, की ती मोठ्यानं उच्चारली जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या तिघी मग बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या. चिदोरी सहाला बंद झालं, ते बंदच झालं. पुढे तिथे सायकलींचं दुकान आलं.

परतीच्या वाटेवर, अजून उजेड होता तोच, सगळे हळूहळू टप्प्यावर पोचले. अंगातून वाफा निघत होत्या. काजितानींनी आजीला उचलून ठेवलं. आणि आता ती वाट सगळ्यांनाच दिसली होती. आधी सासूनं गर्भार सुनेला काखेत धरून इंचभर उचललं आणि ठेवलं. मग निवृत्त बँक मॅनेजरांनी घसा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं, बायकोच्या कमरेला हात घातला आणि तिला जमिनीपासून बोटभर उचलून आजीशेजारी ठेवलं. मग तिनं उठून त्यांना. दोघांचेही चेहरे न्हाणीघरातून आल्यामुळे लाल होते, निदान तसं सगळ्यांनी धरून चाललं. पुष्कळ दिवस तो रिवाजच होऊन गेला. टप्प्यावर आलं की एकानं दुसऱ्याला ठेवायचं, आणि मालकानं जवळ थांबायचं.

फुमिएबाई आपलं घमेलं घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. त्यांचेही गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे होते. घरी कुणी नव्हतं, आणि कुणाला उचलायला सांगावं असा त्यांचा स्वभाव नव्हता.

"फुमिए, इकडे ये," तोकीआजी म्हणाली आणि बाकावरून उतरून उभी राहिली.

"राहू द्या आजी, मला सवय आहे उभं राहायची. तेहतीस वर्षं..."

"ये म्हटलं ना."

आजीनं आपले दोन्ही हात बाईंच्या कमरेभोवती घातले. ते जेमतेम पुरले. मग तिनं डोळे मिटले, दात आवळले आणि जोर लावला.

"उचललं," ती म्हणाली.

तेहतीस वर्षं मुलींना मोजमाप शिकवलेल्या, एका थेंबाची चूकही न खपवून घेणाऱ्या फुमिएबाईंना पक्कं ठाऊक होतं, की आपल्या टाचा जमिनीपासून केसभरही सुटलेल्या नाहीत.

त्या बाकावर बसल्या.